घरच्या गॅरेजमध्ये गाडीची लिफ्ट : आधी जमीन, मग यंत्र

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसांचा नाशिकमध्ये तोटा नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांना कधी ना कधी असे वाटतेच की गाडीखाली पाठीवर सरपटण्यापेक्षा गाडीच डोक्याच्या वर उचलून घ्यावी. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ या बाजूंना बंगल्याच्या आवारात स्वतंत्र गॅरेज किंवा पत्र्याची शेड असते, त्यामुळे ही इच्छा अव्यवहार्यही नाही. अडचण एवढीच की बहुतेक जण सुरुवात यंत्राच्या किमतीपासून करतात. चार विक्रेत्यांची दरपत्रके येतात, घासाघीस होते, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि लिफ्टचा टेम्पो फाटकाशी उभा राहिला की मग फरशीखाली नेमके काय आहे याची चौकशी सुरू होते. लिफ्टच्या पाटीवर चार टन लिहिलेले असो वा पाच, ते वजन अखेर पेलायचे असते खालच्या काँक्रीटने. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा जमिनीला जास्त जागा दिली आहे.

मोजमाप आणि लिफ्टचा प्रकार

घरगुती वापरासाठी तीन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत. टू-पोस्ट लिफ्टमध्ये दोन खांबांना जोडलेले चार हात गाडीच्या पोटाखाली जातात आणि चाके मोकळी लोंबकळतात; सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स अशा कामांना हिच्यासारखी दुसरी सोय नाही. फोर-पोस्टमध्ये गाडी दोन पट्ट्यांवर चढवून चाकांवरच उभी राहते. ऑइल बदलणे आणि एका गाडीखाली दुसरी उभी करणे यासाठी ती उत्तम, मात्र चाके काढायची तर वेगळा जॅक घ्यावा लागतो. तिसरी सिझर लिफ्ट, कात्रीसारख्या घडीच्या पायांवर वर जाणारी. तिचा मधल्या उंचीचा प्रकार गाडी साधारण एक ते सव्वा मीटर उचलतो आणि बंद केल्यावर जमिनीलगत बसतो.

आता टेप घेऊन गॅरेजमध्ये उभे राहावे. आपल्याकडील बंगल्याचे गॅरेज बहुधा दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब असते. टू-पोस्ट लिफ्टची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ३.३ ते ३.५ मीटर, म्हणजे ती दहा फुटांत मावतच नाही. खांबामागे माणूस वावरण्याइतकी जागा धरली तर आतून चार मीटर रुंदी हवी. उंचीचा हिशेब सोपा आहे. छताच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतची उंची घ्यावी, त्यातून गाडीची उंची आणि दहा सेंटिमीटर मोकळीक वजा करावी. उरेल तेवढीच उचल मिळणार. सर्वांत खालचा भाग म्हणजे स्लॅब नव्हे, तर तुळई, पंखा किंवा गुंडाळी शटरचा डबा. तुळईखाली २.७ मीटर मिळत असतील तर सुमारे १.८५ मीटर उंचीच्या स्कॉर्पिओ-एनला पाऊण मीटर उचल मिळते आणि दीड मीटरच्या स्विफ्टला एक मीटरच्या वर. एवढ्यासाठी टू-पोस्टचा खर्च करण्यात अर्थ नाही. अशा गॅरेजमध्ये मधल्या उंचीची सिझर लिफ्ट घ्यावी, खाली चाकांच्या स्टुलावर बसून काम करावे, आणि समाधानी राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टू-पोस्ट खऱ्या अर्थाने शोभते ती चौदा-पंधरा फूट उंचीच्या स्वतंत्र शेडमध्ये.

टू-पोस्टमध्येही दोन जाती आहेत. एकीत दोन खांबांना जोडणारी आडवी तुळई वर असते, तिला साधारण ३.६ ते ४ मीटर उंची लागते. दुसरीत वायर रोप आणि नळ्या जमिनीवरच्या पट्टीखालून जातात आणि २.८ ते २.९ मीटरमध्ये भागते. शेडला उंची असेल तर पहिली घ्यावी, कारण जमीन मोकळी राहते आणि ट्रॉली सरकवताना ठेच लागत नाही.

लिफ्टऐवजी जुन्या पद्धतीचा खड्डा करावा काय, असे पुष्कळ जण विचारतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्याच्या तळाशी साठून राहते, एवढे कारण खरे तर पुरे आहे. त्यात घर गोदावरी किंवा नासर्डीच्या पूररेषेजवळ असेल, तर २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी काय केले ते शेजाऱ्यांना विचारावे.

जमीन

प्रथम भाराचे गणित समजून घ्यावे, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी ते कळते. दोन टनांची गाडी टू-पोस्टवर चढवली की प्रत्येक खांबाच्या वाट्याला एक टन येतो. पण तो खांबावर सरळ उभा येत नाही, तर हातांच्या टोकाशी, खांबापासून समजा सत्तर सेंटिमीटर आत येतो. त्यामुळे दोन्ही खांब एकमेकांच्या दिशेने आत झुकू पाहतात. त्यांना धरून ठेवतात ते तळपट्टीच्या, म्हणजे खांबाच्या पायाशी असलेल्या पोलादी पाटीच्या, बाहेरच्या कडेचे बोल्ट. बाहेरच्या बोल्टपासून तळपट्टीच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर पस्तीस सेंटिमीटर धरले तर त्या बोल्टांवर मिळून दोन टनांचा वर उपटणारा ताण पडतो, म्हणजे दोन-तीन बोल्टांत वाटून प्रत्येकी सातशे किलो ते एक टन. गाडी खाली दाबते आहे आणि बोल्ट मात्र वर ओढला जातो आहे, ही गोष्ट नवख्याला सांगूनही पटत नाही. फोर-पोस्टमध्ये भार चार पायांतून जवळजवळ सरळ खाली जातो आणि सिझरमध्ये तो चौकटीवर पसरतो, म्हणून त्या दोन्ही प्रकारांना जमीन थोडी कमी ताकदीची चालते.

बहुतेक लिफ्टच्या माहितीपुस्तिकांत किमान १०० ते १५० मिलिमीटर जाडीचे आणि सुमारे २१ मेगापास्कल ताकदीचे, पूर्ण पक्व झालेले काँक्रीट मागितलेले असते. आपल्याकडची पातळी व्यवहारात एम-२५ (म्हणजे २५ मेगापास्कल ताकदीचे काँक्रीट) धरावी आणि जाडी १५० च्या खाली येऊ देऊ नये. आता आपल्या गॅरेजमध्ये काय असते ते पाहा. वर शहाबादी किंवा कोटा, किंवा दीड-दोन इंचाचा कोबा. त्याखाली चार इंचांचे पीसीसी, म्हणजे सळया नसलेले साधे काँक्रीट, तेही बहुधा सिमेंट, वाळू आणि खडीच्या एकास चार आठ या प्रमाणाचे. त्याखाली दगडसोलिंग आणि भराव. गवंडी छातीठोकपणे सांगतो, "साहेब, सहा इंच काँक्रीट आहे, ट्रक उभा केला तरी हूं की चूं करणार नाही." त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण ट्रक फक्त खाली दाबतो. बोल्ट उपटला जाण्याचा प्रश्न त्याच्यासमोर कधी आलेलाच नसतो.

म्हणून नुसत्या विचारपुशीवर न थांबता चाचणी छिद्र घ्यावे. जिथे खांब येणार आहेत तिथे आठ मिलिमीटरच्या बिटने आरपार छिद्र पाडावे आणि बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष द्यावे. कोब्याची भुकटी राखाडी आणि मऊसर येते; चांगल्या काँक्रीटमध्ये बिट खडीवर अडखळतो, आवाज घट्ट होतो आणि भुकटीत काळ्या खडीचे कण दिसतात; हलक्या पीसीसीत बिट मधूनच सटकन खाली जातो. शेवटी वाकवलेली तार आत घालून, खालच्या कडेला अडकवून जाडी मोजावी. हातोडीने आजूबाजूला ठोकून पोकळ आवाज येतो का तेही पाहावे. खाली तळघर, पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा असेल, तर तिथे लिफ्टचा विचार सोडून द्यावा.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ या बाजूंचे कित्येक प्लॉट कालपरवापर्यंत द्राक्षबागा होते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कातळ असा साधारण थर असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर थेट टाकलेली फरशी दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. चार मिलिमीटरचा फरक गाडी उभी करताना जाणवत नाही, पण तीन मीटर उंच खांबाच्या टोकाशी तो चांगलाच दिसतो. बागेची बुजवलेली विहीर किंवा पाइपलाइनचा चर शेडखाली आला आहे का, हे जुन्या मालकाकडून समजून घ्यावे.

चाचणीत जमीन नापास झाली तर पूर्ण फरशी फोडण्याची गरज नाही. दोन्ही खांबांना सामावून घेणारी एकच सलग पट्टी, साधारण सव्वाचार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, कापून काढावी. दोन सुटे ठोकळे करण्यापेक्षा सलग पट्टी बरी, कारण दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि पट्टी त्यांना एकमेकांविरुद्ध तोलून धरते. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढावी. ती फार खोल असेल तर किती काढायची ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्यावे, तिथे अंदाजपंचे करू नये. मग मुरूम पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबत भरावा. त्यावर १०० मिलिमीटर पीसीसी आणि त्यावर २०० ते २५० मिलिमीटर जाडीचे एम-२५ आरसीसी, खाली आणि वर १२ मिलिमीटरच्या सळयांची जाळी, दोन्ही दिशांनी १५० मिलिमीटर अंतराने. अंतिम आराखडा इंजिनिअरचाच घ्यावा. वरचे आकडे त्याच्याशी बोलण्यापुरते आहेत. सळया बांधताना बोल्टच्या जागा टाळून बांधता येतात, म्हणून लिफ्टच्या तळपट्टीचा नकाशा विक्रेत्याकडून याच टप्प्यावर मागून घ्यावा आणि काँक्रीट पडण्यापूर्वी जाळीचे टेप लावलेले फोटो काढून ठेवावेत.

एवढे काम साधारण दीड घनमीटरचे होते. रेडीमिक्सवाले इतक्या थोड्यासाठी गाडी पाठवायला नाखूश असतात, त्यामुळे जागेवरच मिक्सर लावावा लागतो. तिथे मजुरांचा हात पाण्याच्या बादलीकडे फार जातो. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर कमजोर. उभे राहून पाणी मोजूनच घालू द्यावे, व्हायब्रेटर लावावा आणि ताकद तपासण्यासाठी त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे तीन-चार क्यूब (ठोकळे) भरून ठेवावेत. पोझोलाना सिमेंट असेल तर चौदा दिवस आळे करून पाणी साठवावे. बोल्टसाठी छिद्रे अठ्ठावीस दिवसांनंतरच, क्यूबचा अहवाल हातात आल्यावर पाडावीत. लिफ्टची मागणी नोंदवायची ती याच काळात.

परवानगी आणि वीज

आहे त्या गॅरेजमध्ये यंत्र बसवणे वेगळे आणि नवी शेड उभारणे वेगळे. नवी शेड सामासिक जागेत, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात, येत असेल तर महानगरपालिकेच्या नगररचना विभागाचा प्रश्न उपस्थित होतो. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे काय चालते ते आपल्या आर्किटेक्टकडून आधीच तपासून घ्यावे. रो-हाऊसमध्ये सामाईक भिंत असते, तिथे सोसायटीची लेखी संमती घेतलेली बरी. शेडचे खांब आणि लिफ्टचे खांब एकमेकांना कधीही जोडू नयेत.

घरगुती लिफ्टची मोटर बहुधा २.२ किलोवॅट, म्हणजे तीन अश्वशक्तीची असते आणि सिंगल फेज व थ्री फेज दोन्हींत मिळते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. गीझर, एसी आणि ही मोटर मिळून तो ओलांडत असेल तर भारवाढीचा अर्ज आधी करावा. सिंगल फेज मोटर चालताना तेरा-पंधरा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, मोटरसाठी योग्य एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास वीज तोडणारा) आणि नीट अर्थिंग हवे. पॅनेल जमिनीपासून छातीच्या उंचीवर लावावे आणि कुलूप लावता येईल असा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा खटका, घ्यावा. घरात लहान मुले असतील तर त्या कुलपाची किल्ली घराच्या जुडग्यात ठेवू नये.

खरेदी

क्षमतेच्या बाबतीत चार टनांची टू-पोस्ट घरासाठी भरपूर होते. फॉर्च्युनरसारखी जड गाडीही दोन टनांच्या थोडीच वर आहे. त्यापेक्षा जास्त महत्त्वाचे म्हणजे हातांच्या टोकाशी गाडीला टेकणाऱ्या पॅडचे प्रकार. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालची पोलादी चौकट, असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायला उंच अ‍ॅडॅप्टर लागतात. स्विफ्ट, क्रेटा, नेक्सॉन यांना कडेच्या पत्र्याखाली ठरवून दिलेल्या जागांवर रबरी पॅड लागतात. विजेवरच्या गाडीत बॅटरी पोटाशीच असते, म्हणून मधोमध टेकणाऱ्या सिझर लिफ्टवर ती चढवण्याआधी गाडीची पुस्तिका वाचावी. युरोपच्या ईएन १४९३ किंवा अमेरिकेच्या एएलसीटीव्ही मानकाचे प्रमाणपत्र त्याच मॉडेलच्या नावाचे आहे का ते पाहावे. नुसत्या चिकटवलेल्या चिन्हावर विसंबू नये. दोन्ही खांबांना स्वतंत्र यांत्रिक लॉक (तेलाच्या दाबाशिवाय गाडी अडवून धरणारे) आणि दोन्ही एकाच वेळी सोडणारी तरफ असावी. सुटे भाग कुठून येणार आणि बसवायला माणूस कोण पाठवणार, हे बिलावर लिहून घ्यावे.

उभारणी

खांब प्रत्येकी दोन-अडीचशे किलोचे असतात. ते चार जणांनी "लाव रे हात" म्हणून उचलण्याचे काम नव्हे. इंजिन उचलण्याची क्रेन किंवा चेन पुली वापरावी. गाडी आत येण्याची मध्यरेषा आधी चुन्याच्या दोरीने मारावी, तिला काटकोनात खांबांची रेषा आखावी आणि काटकोन तीन-चार-पाचच्या मापाने तपासावा. मग एका तळपट्टीच्या कोपऱ्यापासून दुसरीच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले की खांब एकमेकांसमोर नीट बसले.

छिद्रे पाडताना तळपट्टीच साचा म्हणून वापरावी. बोल्टच्या व्यासाचाच कार्बाइड बिट, सहसा १८ ते २० मिलिमीटरचा, आणि ड्रिल ओळंब्यात. काँक्रीटची कड, सांधा किंवा भेग यांच्यापासून किमान १५० मिलिमीटर अंतर राखावे. छिद्र पाडून झाले की आतली भुकटी ब्रश आणि ब्लोअरने पूर्ण काढावी. याच कामात सर्वांत जास्त कुचराई होते, आणि भुकटीत बसलेला बोल्ट आवळताना घट्ट वाटला तरी भाराखाली सरकतो. बोल्ट ठोकण्यापूर्वी खांब ओळंब्यात आणावा. गॅरेजला पाणी वाहण्यासाठी उतार असतोच, तो तळपट्टीखाली पोलादी शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालून भरून काढावा. शिम बोल्टच्या लगत बसवावेत आणि त्यांची जाडी बारा मिलिमीटरच्या वर जात असेल तर शिमचा ढीग न रचता जमीन दुरुस्त करावी.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. आकडा पुस्तिकेतला घ्यावा. तो बहुधा ११५ ते २०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. एखादा बोल्ट त्या आकड्याला न पोहोचता नुसताच फिरत राहिला तर काँक्रीट त्याला धरत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मोठा वॉशर घालून वेळ मारून नेण्याचा सल्ला फिटरने दिला तर काम तिथेच थांबवावे.

त्यानंतरची जोडणी तुलनेने सरळ असते. हायड्रॉलिक नळ्यांच्या टोकांवरची प्लास्टिकची झाकणे जोडतानाच काढावीत, म्हणजे धूळ आत जात नाही. फ्लेअर जोडांवर टेफ्लॉन टेप लावू नये, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच, बहुधा ३२ किंवा ४६, घालावे. थ्री फेजवर मोटर फिरते पण लिफ्ट हलत नाही असे झाले तर दोन फेज आलटून पाहावेत. दोन्ही खांबांचे हात एकाच पातळीवर राहावेत म्हणून असलेल्या वायर रोपचा ताण असा जुळवावा की दोन्ही खांबांतील लॉकचा "खट्" आवाज एकाच वेळी येईल. एक आधी आणि एक नंतर आला की नट फिरवून पुन्हा जुळवावे. शेवटी लिफ्ट रिकामीच पूर्ण वर-खाली पाच-सहा वेळा करावी, म्हणजे नळ्यांतील हवा निघते आणि गचके बंद होतात.

पहिली उचल

सुरुवात घरातल्या सर्वांत हलक्या गाडीने करावी. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य साधारण चालकाच्या आसनाजवळ असतो, तो खांबांच्या रेषेत येईल अशी गाडी उभी करावी. पॅड ठरलेल्या जागांवर हाताने चाचपून लावावेत आणि हातांची लॉके बसली का पाहावीत. चाके जमिनीपासून जेमतेम सुटली की थांबावे, बंपरला धरून गाडी हलवून पाहावी, चारही पॅड पुन्हा तपासावेत, आणि मगच पुढे न्यावी. हव्या उंचीवर पोहोचल्यावर गाडी थोडी खाली सोडून यांत्रिक लॉकवर बसवावी. तेलाच्या दाबावर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये. गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल काढणार असाल तर तोल बदलतो, म्हणून काढण्याआधी दुसऱ्या टोकाला उंच स्टँड लावावा. पहिल्या दिवशी गाडी लॉकवर रात्रभर ठेवावी आणि सकाळी बोल्टभोवती केसाइतकी तरी भेग दिसते का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे.

देखभाल

पहिल्या आठवड्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, पुढे दर तीन महिन्यांनी आणि काळ्या मातीच्या जागेत पावसाळा संपल्यावर एकदा आवर्जून. वायर रोपवरून फडके फिरवावे. धागा फडक्यात अडकला तर त्या रोपची तार तुटायला लागली आहे, आणि तसा रोप जोडीने बदलावा. जून ते सप्टेंबर या काळात रोप आणि पुली यांना तेलाचा हात द्यावा. पुढे घर बदलून लिफ्ट दुसरीकडे न्यायची झाली तर खांब, पंप आणि नळ्या नेता येतात. बोल्ट मात्र नवे घ्यावेत, कारण हे बोल्ट छिद्रात फाकून बसतात आणि एकदा फाकलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही, आणि जुने बोल्ट फरशीच्या पातळीत ग्राइंडरने कापून टाकावेत.